शब्दचर्चा: रेसमधल्या 'टेकआउट'ला मराठीत काय म्हणाल?

कोरं पान
मंडळी, घोड्यांच्या शर्यतींवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय आणि 'टेकआउट'पाशी अडलोय. पार्सल नेण्याचं टेकआउट नव्हे. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या सामायिक पैजेत, सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमतात. त्यातून आयोजकांचा, सरकारचा, बक्षिसांचा वाटा टक्क्यांनी आधीच बाजूला काढतात आणि उरेल ते जिंकणाऱ्यांत वाटतात. तो आधी काढलेला वाटा म्हणजे टेकआउट. मी 'कमिशन' लिहिलं, तर संपादकबाई म्हणाल्या, कमिशन कुणाचं? 'वजावट' लिहिलं, तर म्हणाल्या, रिटर्न भरतोयस का? लेखाचा मुद्दा असा की हा दर कागदावर एकच असतो, पण छोट्या आणि मोठ्या खेळणाऱ्याला तो वेगवेगळा पडतो. म्हणून शब्द नेमका हवाय.

जुना पंटर
त्यात काय, 'नाल'! पत्त्यांच्या अड्ड्यावर जागेचा मालक डावातून स्वतःचे पैसे काढतो, त्याला नालच म्हणतात. 'नाल घेऊन जुगार खेळवताना पकडले' अशी बातमी पेपरात अधूनमधून असतेच. आणि विषय घोड्याचा, म्हणजे नाल दोन्हीकडून बसला.
बाकी आम्ही महालक्ष्मी रेसकोर्सवर आयुष्य घालवलं, पण या गोष्टीला नावच नव्हतं आमच्यात. टोट, भाव, डिव्हिडंड, टनाला, जॅकपॉट, सगळ्याला शब्द होते. जे खिशातून जातं त्याला मात्र नाव नाही. हरलो की घोड्याला शिव्या.

खोडरबर
काका, कोटी मस्त आहे, पण नालला अड्ड्याचा वास येतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला आहे. कायदेशीर टोटच्या लेखात नाल लिहिला तर वाचक भलताच अर्थ घेईल.

कांदेकरी
आमच्याकडचा शब्द देतो: 'कडता'. माल बाजारात नेला की वजनातून क्विंटलमागे किलो-दोन किलो आधीच कापायचे, मग उरलेल्या वजनाला भाव. आमच्या वडिलांशी एका व्यापाऱ्याचं यावरून काट्यावरच भांडण झालेलं मी लहानपणी पाहिलंय. भाव कितीही चांगला फुटो, कडता आधी गेलेला असतो. तुमच्या पूलचंही तेच दिसतंय. घोडा कुठला येणार हे ठरायच्या आधीच ढिगातून कापलेलं.
आणि छोट्या-मोठ्याचं म्हणाल तर तेही जुळतं. पाच गोणी आणणाऱ्याचा कडता निमूट कापतात, ट्रक आणणाऱ्याला व्यापारी चहा पाजतो आणि कडता सोडतो.

कोरं पान
कांदेकरी दादा, हे अगदी बसलं! लेखातलं गणित सांगतो. कडता 20 टक्के धरा. छोटा माणूस 1000 रुपये घेऊन येतो आणि पहिल्या रेसमध्ये सगळे लावतो. सरासरीने 800 परत येतात. ते दुसऱ्या रेसला लावले की 640, मग 512, 410, आणि पाचव्या रेसनंतर 328. दर 15 टक्के असता तर 444 उरले असते. तिकिटावर फरक पाचच टक्क्यांचा, घरी जाताना बसभाड्याला आणि जेवणाला पुरेल इतका.
मोठ्याचं उलट. समजा अभ्यासाच्या जोरावर त्याला शंभरामागे 97 परत मिळतात. म्हणजे तोही हरतोच. पण आयोजक त्याला उलाढालीवर 10 टक्के रिबेट देतात, म्हणजे लावलेल्या पैशातला तेवढा भाग परत करतात, म्हणजे हातात 107. तेवढाच हुशार छोटा माणूस 97 वरच राहतो.

दूरदेशी
हाँगकाँगला राहते, म्हणून भर घालते. इथे विन (घोडा पहिला येईल) आणि प्लेस (पहिल्या काहींत येईल) या पैजांना 17.5 टक्के कापतात. 2006 पासून 10,000 हाँगकाँग डॉलर किंवा त्याहून मोठी पैज हरली तर 10 टक्के परत मिळतात. सगळं उघड छापलेलं. पण दहा डॉलरची चिठ्ठी घेणाऱ्या आजोबांना त्याचा काय उपयोग? ते आपले शंभर चिठ्ठ्या हरले तरी एक डॉलर परत नाही.
अमेरिकेत तर मोठे गट संगणकाने शेवटच्या काही सेकंदांत पैसे ओततात. चारचा भाव बघून तुम्ही चिठ्ठी घ्यावी आणि घोडे सुटल्यावर बोर्डावर दोन दिसावा. पूल एकच, त्यामुळे त्यांनी जादा नेलेलं बाकीच्यांच्या ताटातूनच जातं.
एक शब्द माझ्याकडूनही. डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटावर मिळणारे पैसे, दर डॉलरमागे दहा सेंटच्या खालच्या पटीला आणतात, त्या उरलेल्या चिल्लरीला तिकडे 'ब्रेकेज' म्हणतात. दोन डॉलरच्या तिकिटावर हिशोबाने 7.39 निघाले तरी हातात 7.20. केंटकीने 2022 मध्ये सेंटपर्यंत द्यायचा कायदा केला. याला मराठीत सरळ 'मोड' म्हणा. मोडणं पण आलं आणि सुटे पैसे पण.

खोडरबर
मोड! हे सुचायला हवं होतं.
'रिबेट'ला मात्र 'सूट' लिहू नका. सूट सगळ्यांना असते, दिवाळीची असते. 'परतावा'ही नको, जिंकलेल्या पैशाशी गोंधळ होतो. 'कडता-माफी' चालेल का? माफी कुणाला मिळते हे गावाकडे कुणालाही विचारा.

जुना पंटर
मग जीएसटी पण कडत्यातच धरा. 2023 च्या ऑक्टोबरपासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40.

खोडरबर
नाही काका, तो कर. कडता ठरवणारा आयोजक असतो, दर चुकला तर तो मागे येऊ शकतो. केंटकीतल्या कीनलँडने 2017 मध्ये विन-प्लेसचा दर 16 वरून 17.5 आणि एक्झॉटिक (एकाहून जास्त घोड्यांवरच्या) पैजांचा 19 वरून 22 केला. खेळणाऱ्यांनी बहिष्कार घातला आणि पुढच्या वर्षी विन-प्लेसचा दर परत 16 झाला. जीएसटीवर बहिष्कार घालून दाखवा!

जुना पंटर
घातलाय की. गुडघ्यांमुळे घरीच असतो.

कोरं पान
वाक्य असं केलं: 'कडता सर्वांना एकाच दराने लागतो, कडता-माफी मात्र मोठ्यांनाच मिळते.' संपादकबाईंनी तळटीप मागितली आहे, शहरी वाचकाला कडता कळणार नाही म्हणून.

कांदेकरी
तळटीप द्या. पण त्यांना म्हणावं, भाजी घ्यायला येतात तिथे विचारा.