सल्ला हवा: सुलए जनुकाच्या अतिअभिव्यक्तीने (ते गरजेपेक्षा जास्त चालवून) ई. कोलाय जीवाणूची लांबी ताब्यात कशी ठेवावी?

काचपट्टी (प्रश्न):
नमस्कार. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पेशी लांब झाल्या तर सेंट्रिफ्यूजमध्ये लवकर खाली बसतील, या विचाराने विभाजन थांबवणारे सुलए हे जनुक अरॅबिनोज या साखरेने चालू होणाऱ्या प्रवर्तकाखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) प्लाझ्मिडवर (पेशीतील डीएनएच्या छोट्या वेगळ्या वर्तुळावर) घातले आहे. ०.२ टक्के अरॅबिनोज दिले की सगळ्या पेशींचे धागे होतात आणि प्लेटवर वसाहती येत नाहीत. मला दुप्पट-तिप्पट लांबी पुरे आहे, म्हणून मात्रा ०.००२ टक्क्यांवर आणली. आता एकाच काचपट्टीवर शेवयांसारखे धागे आणि त्यांना खेटून नेहमीच्या दोन मायक्रॉनच्या आखूड पेशी दिसतात. मधल्या लांबीच्या जवळजवळ नाहीतच. पेशींतून प्लाझ्मिड गळून जात असेल का? की सुलए सोडून पेशीला दांड्याचा आकार देणारे एमआरईबी घ्यावे? हातात चार महिने आहेत.

पाषाणरस्ता:
जनुक बदलू नका. प्लाझ्मिडची शंका अँपिसिलिन (प्लाझ्मिड असलेल्या पेशीच ज्यात टिकतात ते प्रतिजैविक) असलेल्या व नसलेल्या प्लेटवरील वसाहती मोजून एका दिवसात मिटेल, परंतु तुमचे वर्णन वाचता दोष मात्रेच्या कल्पनेत आहे. अरॅबिनोज आत आणणारी वाहक प्रथिने स्वतः अरॅबिनोजनेच वाढतात. त्यामुळे ज्या पेशीत थोडे शिरले तिच्यात आणखी शिरते आणि जिच्यात शिरले नाही ती कोरडीच राहते. म्हणजे मात्रा कमी केल्याने प्रत्येक पेशीतील सुलए कमी होत नाही, चालू झालेल्या पेशींची संख्या कमी होते.

तेव्हा मात्रा पूर्ण ठेवा आणि वेळ आखडा. सुलए हे एफटीएसझेड या विभाजनाच्या प्रथिनाचे कडे बनू देत नाही, म्हणून विभाजन थांबते, पण वाढ चालूच राहते आणि जाडी फारशी बदलत नसल्याने ती सगळी लांबीत जाते. एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात, ३७ अंशांवर, पेशी साधारण २० ते २५ मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे तुम्हाला हवी ती लांबी एका-दीड पिढीच्या काळातच मिळायला हवी. वाढ जोमात असताना अरॅबिनोज द्या, दर १० मिनिटांनी नमुना बर्फावर काढा आणि लांबी मोजून काढणीची वेळ ठरवा. काढणीच करायची असेल, तर नंतर वसाहती येतात की नाही याची चिंता नको.

एमआरईबी वाढवले की पेशी गोल होतात, असा गैरसमज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते जास्त झाले की विभाजन अडते आणि पेशी लांबच होतात. गोल पेशी ते कमी झाल्यावर किंवा ए२२ या संयुगाने त्याचे काम अडवल्यावर मिळतात. बोलए हे दुसरे जनुक वाढवल्यावर पेशी गोलसर होतात, त्याचे एक कारण ते एमआरईबीचे उत्पादन दाबते हेच आहे.

मोजपट्टी:
वरील सल्ल्याशी सहमत आहे; भर मोजमापापुरती घालते. लांब पेशींत प्रकाशीय घनता (द्रवाचा गढूळपणा) आणि पेशींची संख्या यांचा नेहमीचा हिशेब लागू पडत नाही, आणि कितीही लांब धाग्यापासून वसाहत एकच येते. उष्णतेने चिकटवलेल्या, रंगवलेल्या पेशी आक्रसतात, म्हणून दीड टक्के अ‍ॅगारोजच्या जेलीसारख्या पातळ थरावर जिवंत पेशी ठेवून किमान दोनशे मोजा आणि सरासरीबरोबर लांबीचे वितरणही मांडा. रिकाम्या प्लाझ्मिडच्या पेशींनाही तेवढेच अरॅबिनोज द्या. ही तुलना नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. ई. कोलायचा स्ट्रेन (वाण) कोणता आहे?

काचपट्टी:
मनःपूर्वक आभार. स्ट्रेन बीएल२१ आहे. प्रयोगशाळेत तोच होता.

पाषाणरस्ता:
मग आधी तो बदला. सुलए तोडणारे लॉन हे प्रोटिएज (प्रथिने तोडणारे विकर) बीएल२१मध्ये नाही, त्यामुळे एकदा बनलेले सुलए अरॅबिनोज धुऊन टाकल्यावरही टिकून राहते. शिवाय तो अरॅबिनोज खातो, म्हणून मात्रा वाढीबरोबर घटत जाते. टॉप-१० या स्ट्रेनमध्ये लॉन आहे आणि तो अरॅबिनोज खात नाही. विभागात कोणाकडे नसेल, तर पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहात मार्गदर्शकांच्या पत्रासह विचारणा करा, आणि नव्या स्ट्रेनची नोंद संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे आधी करून ठेवा.