मुठीतली वस्तू सुटत नाही तेव्हा : खानदेशातील पालकांचे अनुभव

एक ते तीन वर्षांच्या मुलाला खेळण्यांच्या ढिगापेक्षा घरातली एखादी क्षुल्लक वस्तू अधिक प्रिय होते, हे जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या कोणत्याही घरात पाहायला मिळेल. कोणाला बाटलीचे झाकण लागते, कोणाला कपाटाची चावी, कोणाला आजीच्या लुगड्याचा काठ. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुलांच्या अशा जिवलग वस्तूंचा विचार केला होता. आई जवळ नसताना तिची उणीव ती वस्तू काही काळ भरून काढते आणि हा वाढीचा स्वाभाविक टप्पा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. कापडाच्या तुकड्यापुरते हे वाचून निश्चिंत होता येते. परंतु वस्तू नाण्याएवढी असेल आणि मूल ती मुठीत धरूनच झोपत असेल, तर डोळा लागत नाही. म्हणून चर्चेचा हा धागा काढला आहे. मुलाची वस्तू कोणती होती, तिच्यातले नेमके काय त्याला हवे होते आणि बदली म्हणून काय दिले, हे कृपया सविस्तर लिहावे. पर्याय फसला असल्यास तेही लिहावे.

अमळनेर, दीड वर्षाच्या मुलाची आई

आमच्या मुलाला पाण्याच्या बाटलीचे निळे झाकण लागते. आधी मी रबरी चेंडू, प्लॅस्टिकच्या कड्या, चौकोनी ठोकळे असे बरेच काही पुढे ठेवले, पण त्याने ते सगळे बाजूला सारले. मग तो झाकणाचे काय करतो, हे शांतपणे पाहत बसले. तो ते शहाबादी फरशीवर उभे धरून गरकन फिरवतो, ते लडबडत आडवे होताना जो आवाज येतो तो ऐकतो आणि पुन्हा फिरवतो. त्याला आवाज हवा होता, हे कळल्यावर मी त्याला डब्याचे मोठे स्टीलचे झाकण दिले. ते फिरते, आवाजही मोठा करते आणि कोणत्याही प्रकारे तोंडात मावत नाही. दिवसाचा प्रश्न तिथे सुटला, शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचा मात्र निर्माण झाला. रात्री झोपताना त्याला मुठीत धरायला काहीतरी थंड आणि गोल हवे असते. त्यासाठी आमटीची जाड काठाची वाटी चालली. वाटी घेऊन झोपणारे मूल पाहून पाहुणे हसतात. हसू द्यावे.

फैजपूर, आजी

माझ्या नातीला माझी पोत लागायची. मांडीवर घेतले की काळे मणी एकेक करून बोटांनी सरकवायचे आणि तसेच झोपायचे. पोत जुनी, दोरा झिजलेला. एखाद्या दिवशी तुटली तर मणी कुठे कुठे जातील आणि त्यातले किती तिच्या तोंडात जातील, या विचाराने मी पोत काढून ठेवली, तर तिने रात्रभर घर डोक्यावर घेतले. सूनबाईने युक्ती काढली. माझ्या जुन्या पातळाचा काठ वीतभर कापला, कडा दुमडून शिवल्या आणि त्यावर अंतराअंतराने घट्ट गाठी मारल्या. गाठी बोटांखाली मण्यांसारख्या लागतात आणि पातळाला माझा वास असतो. पहिला तुकडा धुतल्यावर तिने घेतला नाही, कारण वास गेला होता. तेव्हापासून एकाच काठाचे दोन तुकडे आहेत. एक माझ्या उशाशी असतो, एक तिच्या हातात, आणि ते आलटूनपालटून धुतो. कापड वीतभरापेक्षा लांब ठेवू नये, गळ्याभोवती गुंडाळले जाते.

(मावशींनी लांबीचा मुद्दा काढला ते फार बरे झाले. याला एक जोड द्यायला हवी : एक वर्षाच्या आतील बाळाच्या अंथरुणात सैल कापड, उशी किंवा मऊ खेळणे असू नये, असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. मावशींची युक्ती त्यापुढच्या वयासाठी आहे. — धागाकर्ता)

भुसावळ, रेल्वे कर्मचारी, दोन वर्षांच्या मुलाचे वडील

आमच्याकडे गाडीच्या चावीचा रिमोट होता. तो हातात घेतला की दिवा लागतो, बटण दाबताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि मोठी माणसे तो सतत हातात बाळगतात. एवढी सगळी आकर्षणे एकाच वस्तूत असल्यावर मुलाचा काय दोष? आत नाण्यासारखा चपटा सेल असतो हे मला माहीत होते, म्हणून सेल काढून रिमोट दिला. दिवा लागत नाही हे पाहून त्याने तो सरळ माझ्या अंगावर फेकला. शिवाय रिमोटचे कव्हर नखानेही उघडत होते, आणि सेल नसला तरी तुटलेले तुकडे असतातच.

मग आमच्या सुतारमामांना गाठले. त्यांनी गुळगुळीत घासलेल्या जाड फळीवर खिडकीची कडी, दाराचा कोयंडा, सायकलची घंटी, जुन्या पद्धतीचे खाली-वर होणारे विजेचे बटण (अर्थातच वायरीशिवाय) आणि कपाटाची मूठ बसवून दिली. सगळे स्क्रू फळीच्या मागून कसून घेतले आणि त्यांची टोके पुढे येऊ दिली नाहीत. बिजागरी मुद्दाम घेतली नाही, बोट चेमटते. फळीला रंगही दिला नाही, फक्त खोबरेल तेल चोळले. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली आहे, पण सुताराकडचा अर्धा उरलेला डबा केव्हाचा आहे हे कोण सांगणार? ती फळी त्याच्या उंचीवर भिंतीला पक्की केली आहे. ‘टक्’ आवाजाची भूक तिथे भागते. चावी आता उंच खुंटीवर असते. तिची आठवण अधूनमधून होते, पण रडारड होत नाही.

धुळे, आई

माझे मत जरा वेगळे आहे. मुलीला टूथपेस्टचे टोपण लागायचे. पर्याय म्हणून जे जे दिले ते ते तिने ‘मन्हं नही’ (माझे नाही) म्हणून परत केले. शेवटी टोपण घरातून नाहीसे केले, तिचे रडणे मांडीवर घेऊन सोसले, आणि काही दिवसांत ती विसरली. प्रत्येक वस्तूला जोडीदार शोधत बसावे, असे मला वाटत नाही.

जळगाव, बालरोगतज्ज्ञ

धुळ्याच्या ताईंशी मी निम्मा सहमत आहे. काही वस्तूंच्या बाबतीत वाटाघाटीला जागाच नसते, आणि त्यांत पहिला क्रमांक बटण सेलचा, म्हणजे रिमोटमधल्या त्या नाण्यासारख्या चपट्या सेलचा. साधारण २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, तर इजा व्हायला तो फुटावा लागत नाही. ओलाव्यामुळे विद्युतप्रवाह सुरू होतो, त्याच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत गंभीर भाजण्याची इजा होऊ शकते. मूल लाळ गाळत असेल, खायला नकार देत असेल किंवा अचानक खोकू लागले असेल आणि घरातला एखादा सेल सापडत नसेल, तर वाट न पाहता क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. उलटी करवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गेल्या बारा तासांतच गिळला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, असा जास्तीत जास्त सहा वेळा द्यावा, असे अमेरिकेतील विषबाधा केंद्राचे मार्गदर्शन आहे. पण मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नये, आणि एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. शक्तिशाली चुंबकाचे छोटे गोळेही याच गटात मोडतात. असे दोन गोळे आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांना चिकटले, तर मधली आतड्याची भिंत चिमटली जाऊन तिला भोक पडते.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारा भाग धोक्याचा. आपली एक ते वीस रुपयांची सगळी चलनी नाणी आणि अमळनेरच्या ताईंचे निळे झाकण तिच्यात मावते. घरी थोडी अधिक सावधगिरी बाळगून पुठ्ठ्याला चार सेंटिमीटरचे भोक पाडावे आणि त्यातून जाणारी वस्तू मुलाच्या हाती देऊ नये. शेंगदाण्याचे तर आपल्या भागात विशेष सांगावे लागते, कारण तो घराघरांत हाताशी असतो आणि श्वासनलिकेत अडकणाऱ्या पदार्थांत नेहमी आढळतो. चार-पाच वर्षांपर्यंत तो कुटूनच द्यावा.

वस्तू घशात अडकून मुलाला खोकता किंवा श्वास घेता येत नसेल, तर एका वर्षाखालील बाळाला डोके खाली ठेवून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा आणि मग छातीवर पाच दाब द्यावेत. त्यापेक्षा मोठ्या मुलाला पाच थापा आणि पोटावर पाच दाब. दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी तोंडात बोट घालून चाचपू नये, ती आणखी आत सरकते. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा.

शहादा तालुका, अंगणवाडी सेविका

डॉक्टरसाहेबांनी घरातले सांगितले, मी अंगणातले सांगते. आमच्याकडची मुले बिया गोळा करतात. चिंचोके आणि सरकी तोंडात किंवा नाकात जातात एवढी भीती असते, परंतु लालचुटूक, काळ्या ठिपक्याची गुंज, एरंडी आणि चंद्रज्योतीच्या बिया विषारी आहेत, आणि मुलांना त्याच अधिक आवडतात, कारण त्या गुळगुळीत आणि देखण्या असतात. एका मुलाच्या मुठीत कायम चिंचोके असत. त्याला हवा होता खुळखुळाट, हे त्याच्या मोठ्या बहिणीच्या लक्षात आले. आम्ही जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत चिंचोके भरले, झाकण चिकटवून वरून चिकटपट्टीचे वेढे दिले, आणि ती दर सोमवारी तपासतो. नुसते मुठीत धरायला नारळाची घासलेली करवंटी देतो.

काही आया लाटणे किंवा चमचा देतात, त्याला माझा विरोध आहे. लांबट वस्तू तोंडात धरून मूल धावले आणि पडले, तर टाळूला इजा होते.

पारोळा, शेतकरी, आजोबा

पोळ्याला बैलाच्या माळेतले एक घुंगरू सुटले, ते नातवाने उचलले आणि मग त्यावाचून जेवेना. मी त्याला जुन्या बैलाच्या गळ्यातली मोठी घंटा दिली. तिचा लोळा आधी ओढून पाहिला, पक्का होता. घुंगरू कोनाड्यात गेले. पुढच्या पोळ्याला घंटा बैलाच्या गळ्यात परत बांधायची आहे. तेव्हा काय होईल ते इथे कळवीन.

चाळीसगाव, आई

यात्रेत आणि आठवडे बाजारात लुकलुकणाऱ्या अंगठ्या, भिंगऱ्या, शिट्या स्वस्तात मिळतात आणि मुले त्यांना जीव लावतात. त्यांतल्या अनेकांत बटण सेल असतो, आणि तो नुसत्या दाबाच्या झाकणाखाली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, पण पाटीवरच्या मालावर ते सहसा दिसत नाही. आम्ही विकत घेण्याआधी दुकानासमोरच खेळणे उलटे करून पाहतो : सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल, तर ते तिथेच परत. मुलगी तेव्हा रडते. तिला त्याच बाजारातली कागदाची भिरभिरी घेऊन देतो, पण तिची काडी घरी पोहोचताच वडिलांच्या हाती असते. भिरभिरीवर टाचणी असते, ती काढून दोऱ्याची गाठ घालता येते का, हे कोणी करून पाहिले असल्यास सांगावे.