तुरुंगातून सुटलेल्यांच्या निवासाला मंडळाने मदत करावी का?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

तुरुंगातून सुटलेल्या आणि व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या पुरुषांसाठी ख्रिस्ती मिशन जो निवास चालवते, त्याला सेवानिधीतून मदत करावी आणि आपल्यापैकी काहींनी तेथे वेळ द्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीने ठेवला आहे. त्या माणसांविषयी माझ्या मनात अढी नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला हे ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. मात्र ज्याला आजची रात्र काढायला छप्पर नाही, त्याच्या एका हातात जेवणाचे ताट आणि दुसऱ्या हातात धर्मग्रंथ दिला, तर त्याच्या होकाराला होकार म्हणायचे का, हा प्रश्न मला सोडत नाही. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात हजेरी देत जगायला लावले, त्या वसाहतींपैकी (सेटलमेंटपैकी) काही मिशनांच्या ताब्यात होत्या आणि सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनने चालवली. ‘सुधारणा’ हा शब्द तेथेही होताच. आणि ज्यांना या माणसांनी इजा केली, त्यांचा विचार या प्रस्तावात कोणी केला आहे का?

एक ज्येष्ठ सभासद


आदरणीय काका,

सादर नमस्कार. मी मराठी ख्रिस्ती घरातला आहे आणि गेली चार वर्षे आठवड्यातून एक संध्याकाळ त्या निवासात जातो, त्यामुळे मी तटस्थ आहे असे म्हणणार नाही. सेटलमेंटविषयी आपण जे लिहिले ते मला पूर्णपणे मान्य आहे. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. तेथे काम करणारे कितीही कनवाळू असले, तरी ज्या माणसाला फाटकाबाहेर जायला परवानगी लागते त्याच्यासमोर केलेला उपदेश हा मोकळ्या माणसाशी केलेला संवाद नसतो. मी ज्याचे समर्थन करतो आहे त्या कामात दार आतून उघडता आले पाहिजे, ही पहिली अट आहे.

दाराची गोष्ट मी उगाच काढत नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात अकरा वर्षे शिक्षा भोगलेले एक गृहस्थ आले. जेवण झाल्यावर ते उठले, अंगणाच्या दारापर्यंत गेले आणि हात सरळ खाली सोडून तसेच उभे राहिले. ते कोणाची तरी वाट पाहत आहेत असे मला वाटले. बऱ्याच वेळाने लक्षात आले की अकरा वर्षांत त्यांनी एकही दार स्वतःच्या हाताने उघडलेले नव्हते. मी पुढे होणार इतक्यात तेथील पाळकांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंनी, मला नजरेने थांबवले आणि ते स्वतः खुर्ची ओढून भाज्या निवडत बसले. काही मिनिटांनी त्या गृहस्थांनी कडीला हात लावला, मागे वळून पाहिले आणि मगच ती सरकवली. त्या संध्याकाळी तेथे प्रवचन झाले नाही.

या कामाचा इतिहास पाहिला तर एकाच रात्रीत पालटलेल्या माणसांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात, आणि माझ्या मते त्यांनीच या कामाचे अधिक नुकसान केले आहे. जेरी मकॉली या आयरिश माणसाला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दरोड्यासाठी पंधरा वर्षांची शिक्षा झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगात त्याचे मन वळले, 1864 मध्ये त्याला माफी मिळून तो सुटला, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा दारू व चोरीकडे गेला. तो सावरला, पुन्हा घसरला, पुन्हा सावरला. 1872 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर त्याने पत्नी मरियासह अशाच पुरुषांसाठी मिशन उघडले, आणि अमेरिकेतल्या या प्रकारच्या मिशनांचा आरंभ तेथूनच मानला जातो. पडून आलेल्या माणसाला परत आत घेण्याची हिंमत त्याच्याजवळ होती, कारण तो स्वतः अनेकदा पडला होता. गुलामांच्या जहाजावरचा कप्तान आणि पुढे इंग्लंडमध्ये धर्मगुरू झालेला जॉन न्यूटन, त्याचेही तसेच. 1748 मध्ये समुद्रातल्या वादळात देवाचा धावा केल्यानंतरही तो आणखी काही वर्षे गुलामांच्या जहाजांवर होता, आणि त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले ते 1788 मध्ये. पश्चात्ताप खरा असला तरी तो पुरता उमगायला चाळीस वर्षे लागू शकतात.

ताट आणि धर्मग्रंथ या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: अंथरूण आणि जेवण कोणत्याही अटीशी बांधलेले नसावे. लॉस एंजेलिसमध्ये ग्रेग बॉयल या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूंनी 1988 मध्ये टोळ्यांतल्या तरुणांसाठी रोजगाराचे काम सुरू केले आणि 1992 मध्ये बेकरी उघडली, जिथे एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या टोळ्यांची मुले शेजारी उभी राहून पीठ मळतात. अंगावरचे गोंदण काढून देण्याची सोयही तेथे विनामूल्य आहे, कारण गळ्यावर टोळीचे नाव असलेल्या माणसाला नोकरी कोण देणार! आमच्या निवासात रोज संध्याकाळी प्रार्थना होते. जो येत नाही त्याचे ताट त्याच आकाराचे असते. हे मी चार वर्षे पाहिलेले आहे. एका गोष्टीवरून मात्र मी तेथील लोकांशी भांडलो आहे. नव्याने आलेल्या माणसाला दोन-तीन आठवड्यांतच सभेपुढे उभे करून साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसे बदलले ते सांगायला, लावणे मला अत्यंत घातक वाटते. टाळ्या पडतात, आणि पुढे तो घसरला की परत यायची त्याला लाज वाटते. मागच्या वर्षी असाच एक तरुण निघून गेला. एकोणिसाव्या दिवशी तो फाटकाशी आला तेव्हा त्याचे अंथरूण घडी करून जागेवरच ठेवलेले होते, पण आत यायला तो तासभर धजावला नाही. आता वर्ष पूर्ण होईपर्यंत कोणाला साक्ष द्यायला सांगत नाहीत.

इजा झालेल्यांविषयी आपण विचारलेत, तेथे मी जपून लिहितो. 1995 मध्ये मध्य प्रदेशात भूमिहीन मजुरांसाठी काम करणाऱ्या कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने 2002 मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ही घटना मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मान खाली जाते. परंतु ती क्षमा त्या बहिणीची होती, तिने ती आपल्या वेळेला दिली. ती तिच्या वतीने पाळकांना, मला किंवा मंडळाला देता येणार नव्हती. म्हणून कोणी निवासात राहतो यावरून त्याला क्षमा झाली असे आम्ही मानत नाही, आणि कोणाच्याही घरी समेटाचे पत्र घेऊन जात नाही. शिवाय क्षमा वेगळी आणि विश्वास वेगळा. ज्याने पैशांची अफरातफर केली त्याच्याकडे कपाटाची किल्ली देत नाहीत, आणि ज्याने मुलांना त्रास दिला त्याला कुटुंबे येतात त्या दिवशी तेथे थांबू देत नाहीत. हे नियम कागदावर आहेत. ते मंडळाने मागून घ्यावेत.

आपला,
एक सभासद


प्रिय सभासद मित्र,

तुमचे पत्र पोचले. अंथरूण अटीशी बांधलेले नसेल हे त्यांनी लेखी दिले, तर मी प्रस्तावाला विरोध करणार नाही. सभासदांच्या मुलांना स्वयंसेवक म्हणून पाठवू नये, हे मात्र ठरावात यावे. सेटलमेंटची आठवण मी मागे घेत नाही, ती कार्यवृत्तात नोंदवावी.

मी अडतीस वर्षे कारकुनी केली. सुटून आलेल्या माणसाला ओळखपत्र, बँकेचे खाते, नोकरीचा अर्ज या कागदांसाठी किती खेपा घालाव्या लागत असतील, याची मला कल्पना आहे, आणि ‘पूर्वी शिक्षा झाली आहे काय’ या रकान्याशी पेन कसे थांबत असेल याचीही. गुरुवारी संध्याकाळी मला वेळ असतो. तेथे एखादे टेबल आणि पुरेसा उजेड आहे का, एवढे कळवावे.

एक ज्येष्ठ सभासद