नवी स्विफ्ट की जुनी पोलो जीटी? अक्कल काढण्याआधी हिशोब मांडा

पांदणरस्ता

काल इथं लातूरच्या एका पोराने विचारलं होतं: बजेट नऊ लाख, महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर, निम्मं हायवेवर, नवी स्विफ्ट घेऊ की २०१७ ची पोलो जीटी टीएसआय? त्याला एका विद्वानाचं उत्तर आलं: "नवी स्विफ्ट सोडून जुनी टर्बो बघणाऱ्याला अक्कल नसते. मराठवाड्याच्या रस्त्याला स्विफ्टच. विषय संपला." पोराने पोस्टच उडवली. विषय संपला नव्हता, म्हणून हा धागा.

स्विफ्टचं नवं इंजिन तीन सिलिंडरचं, ताकद ८२ पीएस आणि टॉर्क म्हणजे ओढ ११२ एनएम. पोलो जीटी टीएसआयचं इंजिन टर्बो, १०५ पीएस आणि १७५ एनएम, तेही दीड हजार आरपीएमपासून. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. आता बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात जानेवारीत जा. पुढे उसाच्या डबल ट्रॉल्या, एकामागे एक दोन ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. गाडीत चार माणसं, डिकी भरलेली. स्विफ्ट तिसऱ्यात टाकून पाच हजारापर्यंत ओरडवली तरी ओव्हरटेक संपता संपत नाही. टर्बोमध्ये तोच ओव्हरटेक कमी रस्त्यात आटोपतो. समोरच्या लेनमध्ये आपण किती सेकंद राहतो, हा मौजेचा प्रश्न नाही.

पैशाचं म्हणाल तर स्विफ्टचं वरचं मॉडेल रस्त्यावर यायला साडेआठ-नऊ लाख. २०१७ ची जीटी साडेपाच-सहाला मिळते. उरलेल्या तीन लाखांचं काय, हे कुणीच विचारत नाही.

खर्चाची_वही

तो विद्वान मीच. अक्कल काढली ते चुकलं, बाकी एक शब्द मागं घेणार नाही.

उरलेले तीन लाख कुठं जातात ते सांगतो. जीटी टीएसआयमध्ये सात स्पीडची डीक्यू२०० डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे थंड करायला तेल नाही. संभाजीनगरात जालना रोडवर क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत ब्रेक सोडत-दाबत गाडी रांगवली की क्लच अर्धा लागलेला राहतो आणि तापतो. लातूरच्या गंजगोलाईत तर विचारूच नका. आधी पहिल्या-दुसऱ्यात थरथर, मग झटका. वर मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर-क्लच चालवणारा मेंदू. त्यातला दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर बसतो तिथलं ॲल्युमिनियमचं घर चिरतं, तेल गळतं, पंप सतत चालू राहून मार खातो. स्कॅनरवर पी१७बीएफ हा फॉल्ट कोड येतो, डॅशवर गिअरची अक्षरं लुकलुकतात आणि गाडी जिथं असेल तिथं बसते. पूर्ण युनिट बदलायचं तर लाखाच्या पुढे. क्लच पॅक वेगळा.

दुसरं म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. पेट्रोल थेट सिलिंडरात पडतं, इनटेक व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत, त्यांच्यावर काजळी चढत जाते. साठ-सत्तर हजारानंतर आयडलिंग लडखडतं. मग इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ करायचं. हे काम करणारा मिस्त्री हिंगोलीत दाखवा, मी चहा पाजतो.

स्विफ्टला यातलं काही नाही. पोर्ट इंजेक्शन, टायमिंग चेन, दहा हजाराला ऑइल आणि फिल्टर. वर सहा एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारं ईएसपी अगदी खालच्या मॉडेलपासून. पोलोत दोन एअरबॅग. सेकंद मोजणाऱ्यांनी हेही मोजावं.

शेंद्रावाला

"जर्मन गाडी मराठवाड्याला झेपत नाही" हा सूर बंद करा. २००१ पासून संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, पोलोवाल्या फोक्सवॅगनच्याच घरातली कंपनी, पहिल्या ऑक्टाव्हिया तिथंच जोडल्या. ज्या शहराने २०१० मध्ये एका झटक्यात दीडशे मर्सिडीज उचलल्या, त्याला टर्बोची भीती दाखवू नका.

खर्चाची_वही

साहेब, मर्सिडीज घेणाऱ्यांना गिअरबॉक्सचं बिल विचारावं लागत नव्हतं. नऊ लाख बजेटवाल्याला लागतं. आणि कारखाना शेंद्र्याला असला म्हणून जिंतूरच्या माणसाला पार्ट घरपोच येत नाही.

गोदाकाठ_नांदेड

भाऊ, तुम्ही दोघंबी काय बोललालाव? डीएसजी नको असंल तर मॅन्युअल घ्या की. २०२० नंतर पोलोला एक लिटरचं टीएसआय आलं, ११० पीएस, १७५ एनएम, सहा गिअरची मॅन्युअल. जीटीचा ऑटोमॅटिकबी त्या वर्षापासून टॉर्क कन्व्हर्टर, डीक्यू२०० नाहीच. २०२२ ला पोलो बंद झाली, म्हणजे अगदी शेवटची गाडीबी लई जुनी नाही. निम्मा वाद इथंच मिटतो.

पांदणरस्ता

हे बरोबर, आणि माझ्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. फक्त ती गाडी साडेपाचला मिळत नाही. अजून दीड-दोन लाख धरा, म्हणजे माझे "उरलेले तीन लाख" एक-दीडावर येतात. घ्या, वहीत लिहा.

खर्चाची_वही

लिहिलं. तारखेसकट.

आता पेट्रोल. पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल झालंय. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई१० धरून बनल्यात. इथेनॉलमध्ये त्याच मापात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज पडतं. जुनी रबरी पाइप, फ्युएल पंपाचे सील, ओ-रिंग हळूहळू कडक होतात. जुन्या टर्बोवाल्याने हा खर्च कुठं धरलाय?

टिपरू

झालं, आलं इथेनॉलवर! गाडी कुठलीबी असो, शेवटी ऊसवाल्याच्याच नावानं खडे. इथेनॉलमुळं कारखान्याला रोख पैसा येतो आणि शेतकऱ्याचं एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला दर, वेळेवर निघतं. तुमचं ॲव्हरेज एक किलोमीटरनं पडलं म्हणून उसाचं बिल थांबवायचं का? आणि ज्ञान पाजळताय तर पूर्ण पाजळा: इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, ई२० किमान ९५ ऑक्टेनचं येतं. पूर्वी ९१ मिळायचं. टर्बो इंजिनाला नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचं अवेळी पेटणं, नको असतं, तिला हे मानवतंच. हा मुद्दा कुणी काढला नाही.

खर्चाची_वही

ऑक्टेनचं मान्य. ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी आधी टाकू शकतो, टर्बोला थोडा फायदा आहे. ओ-रिंगला ऑक्टेन कळत नाही, एवढंच.

मिरजहून_पाणी

टिपरूभाऊ, ऊर्जा बाजूला ठेवा, पाण्याचं बोला. नीती आयोगाच्याच २०२१ च्या ई२० आराखड्यात लिहिलंय: साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच मांजराच्या पट्ट्यात कारखान्यावर कारखाने. पस्तीस लिटरची टाकी ई२० ने भरली की त्यात सात लिटर इथेनॉल, म्हणजे वीस हजार लिटर पाणी. दोन टँकर! स्विफ्ट असो की पोलो.

टिपरू

टँकरचा हिशोब फक्त उसाला लावायचा? कापसाला काय दिलं, सोयाबीनला काय दिलं ते सांगा. दर पडला की सोयाबीन घरात सडतं. हमी भाव आणि ठरलेला ग्राहक असलेलं एक पीक आहे आमच्याकडं, त्यावरच सगळ्यांचा डोळा. एसी गाडीत बसून पाणी शिकवू नका.

मिरजहून_पाणी

ठिबकवर ऊस किती लावलाय ते सांगा, मग एसीचं बोलू. पाटाने पाणी सोडून झोपायचं आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत कळशी ठेवायची, हे एकाच गावात चालतं.

मकाकणीस

दोघंही जुन्या बातमीवर भांडताय. डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉलवर निर्बंध आणले, तेव्हापासून मक्याचा वाटा वाढत गेला आणि उसाला मागं टाकलं. सिल्लोड-कन्नड पट्ट्यातला मका डिस्टिलरीला जातो. पोल्ट्रीवाले त्यावर ओरडतात ते वेगळं. सगळं पाप उसाच्या माथी मारू नका.

टिपरू

बघा! सिल्लोडवाल्याला कळतं, लातूरवाल्याला कळत नाही.

गोदाकाठ_नांदेड

राव, ते पोरगं गाडी घ्यायलंय का कारखाना टाकायलंय?

पांदणरस्ता

धागा माझा आहे, म्हणून हात जोडून: उसाचा वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. ई२० चं कामापुरतं एवढंच. जुनी गाडी घेतलीच तर टाकी चतुर्थांशावर महिनोन्महिने उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात टाकी भरलेली बरी. दर सर्व्हिसला फ्युएल लाइन हाताने दाबून बघायला सांगा. कडक लागली किंवा जोडावर पेट्रोलचा वास आला तर बदला. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलचा सल्ला कुणी देऊ नका. दीडशेच्या पुढे लिटर, आणि मिळणारे पंप मोजके.

गॅरेजची_पायरी

एवढे शहाणे जमले, जुनी गाडी तपासायची कशी हे एकानेही लिहिलं नाही. ऊस मात्र शेंड्यापर्यंत सोलला.

पहिलं, २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, नांदेडकडे पूर आला. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येणार. सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. वर दिसणारा पट्टा ते शॅम्पूने धुतात, आत गुंडाळलेला कुणी धूत नाही. आपली काळी माती फार बारीक, ती विणीत शिरते आणि आडवी करडी रेघ राहते. मग स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बोट फिरवा. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशखालचा फ्यूज बॉक्स बघा. तिथं गंज किंवा हिरवट बुरा दिसला की पुढं काही बघू नका.

दुसरं, बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग. पाना लागलेला असेल तर कडा उडालेल्या असतात. पेंटचं मीटर मिळालं तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. अडीचशेच्या वर दुसरा हात, आणि चारशे-पाचशे म्हणजे खाली पुट्टी.

तिसरं, टायर. ही गोष्ट समृद्धीवर जाणाऱ्यांनी पाठ करावी. कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते, कारण गाडी उभी होती, पण रबर मेलेलं असतं. मे महिन्यात काँक्रीटवर तासभर १२० ने पळवलं की असंच टायर फुटतं. पाच-सहा वर्षांच्या वरचे चारही बदला आणि तो खर्च गाडीच्या किमतीतून कापून मागा. १६ इंची अलॉय असतील तर रिमची आतली कड बघा, खड्ड्याने बाहेरची नाही, आतली वाकते.

डीएसजी असेल तर स्कॅनरशिवाय पैसे देऊ नका. मीटर मागं फिरवतात, पण सर्व्हिस रेकॉर्डमधले किलोमीटर मागं जात नाहीत.

कागद: फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर २८ ची एनओसी. इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करायला टाका. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

खर्चाची_वही

या प्रतिसादाला सलाम. यात एकच जोडतो: पाच-सात वर्षांच्या वर बहुतेक कंपन्या झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा इन्शुरन्स, देत नाहीत. म्हणजे बंपर फुटला तर प्लास्टिकचे निम्मे पैसे खिशातून. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला. जुन्या गाडीवाले मात्र अजून आधीच्याच भावाची आठवण काढत बसलेत. त्या भावाने घेऊ नका.

पांदणरस्ता

म्हणजे भाव पाडून घेतली तर चालेल?

खर्चाची_वही

शब्द फिरवू नका. २०२० नंतरची, मॅन्युअल, टायर बदलून, आणि दीड लाख बँकेत बाजूला ठेवून घेत असाल तर मी आडवा येणार नाही. पण २०१७ ची डीएसजी बजेटच्या शेवटच्या रुपयाला घेणाऱ्याबद्दल जे म्हणालो होतो, ते मनातल्या मनात अजून म्हणतोय.

शेंद्रावाला

दीड लाख बाजूला ठेवायचे तर मग स्विफ्टच काय वाईट?

पांदणरस्ता

आता तुम्हीही?

एमएच२४_नवखा

तो पोस्ट उडवणारा मीच. सगळं वाचलं, ऊससुद्धा. २०२१ ची मॅन्युअल पुण्यात आहे, रविवारी सकाळी अकराला बघायला बोलावलंय.

गॅरेजची_पायरी

अकरा नको, आठला जा, आणि न कळवता जा. आधी बोनेटवर हात ठेव. थंड असेल तर स्वतः चालू कर. पहिल्या दहा सेकंदांत इंजिनातून खडखडाट होतो का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का बघ. बोनेट गरम लागलं तर समज, तुझ्या आधी कुणीतरी तिला जागं केलंय.