फ्रीस्टाइलमध्ये भिंतीजवळची कोलांटी जमत नाही, मार्गदर्शन हवे आहे

कोथरूडकर:
नमस्कार. माझे वय ४३ असून मी सकाळी सहाच्या बॅचला २५ मीटरच्या तलावात रोज एक किलोमीटर पोहतो, म्हणजे ३९ वेळा वळतो. हात टेकवून वळताना दर वेळी लय तुटते, म्हणून दोन महिन्यांपासून फ्लिप टर्नचा, म्हणजे भिंतीशी कोलांटी घेऊन पायांनी ढकलत वळण्याचा, सराव करीत आहे. परंतु नाकात पाणी जाते, पाय कधी भिंतीला लागतच नाहीत तर कधी टाचा आपटतात, आणि सर्व नीट झालेच तर बाहेर पडताना मी शेजारच्या लेनकडे तिरका जातो. नेमके काय चुकत असावे?

डेक्कनचा पाणकावळा:
आधी नाकाचे पाहू, कारण त्याची धास्ती असेपर्यंत बाकीचे काही सुधारत नाही. भिंतीपासून दूर, छातीभर पाण्यात, तोंड मिटून गुणगुणत कोलांटी घ्यावी. गुणगुणताना नाकातून हवा बाहेर येत राहते आणि पाण्याला आत शिरायला वाव मिळत नाही. हनुवटी छातीकडे नेताच गुणगुणणे सुरू करावे आणि पाय भिंत सोडेपर्यंत थांबवू नये. अर्थात, भिंतीशी पोहोचण्यापूर्वीच छाती रिकामी केली असेल तर गुणगुणायला हवा उरणार नाही.

पाय न लागण्याचे कारण बहुधा असे, की आपण भिंत शोधण्यासाठी मान वर करता आणि नकळत वेग कमी करता. मान वर गेली की कंबर खाली जाते, आणि कोलांटी पूर्ण होते ती मुख्यतः पोहण्याच्या वेगावर. स्पर्धेच्या तलावात तळाची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर आधी संपते व तेथे १ मीटर लांबीची आडवी रेघ असते. नजर तिच्यावर ठेवून, तेथून भिंतीपर्यंत आपण किती हात मारता ते मोजून ठेवावे. शेवटचा हात मांडीपाशी पोहोचल्यावर दोन्ही तळवे तेथेच राहू द्यावेत आणि कोलांटी सुरू करावी. टाचा आपटत असतील तर आपण फार जवळ जाऊन वळता, एवढाच त्याचा अर्थ.

सिंहगड रोड:
वरील उत्तराशी सहमत. तिरके जाण्याबद्दल मात्र सांगतो, कारण मी स्वतः वर्षभर तीच चूक केली. आपण बहुधा कोलांटीतच अंग फिरवून पालथे होण्याची घाई करता. तसे न करता पायांची बोटे वरच्या दिशेला ठेवूनच तळपाय भिंतीवर टेकवावेत, उताणेच सुटावे आणि पाण्याखालून सरकताना सावकाश पालथे व्हावे. पाय भिंतीला लागण्यापूर्वी दोन्ही हात डोक्यापलीकडे ताठ जुळलेले हवेत. हात नंतर जुळवायला गेलात, तर ढकलीचा सगळा जोर वाया जातो. पहिल्या हाताला श्वास घेण्याचा मोहही आवरावा. फ्रीस्टाइलच्या नियमानुसार वळताना शरीराचा कोणताही भाग भिंतीला लागला तरी चालतो, तेव्हा हात टेकवला नाही म्हणून चुटपुट नको. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये मात्र दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात.

सातची बॅच:
थोडे वेगळे मत मांडतो. एका लेनमध्ये सहा-सात जण असतील, तर मागच्याच्या तोंडावर कोलांटी घेण्यापेक्षा हात टेकवून वळणेच बरे; आणि तेही नीट केले तर लय फारशी तुटत नाही. बहुतेक जण कठड्याला लटकून दोन श्वास घेतात, तेथेच वेळ जातो. एक हात टेकताच गुडघे पोटाशी घ्यावेत, दुसरा हात परतीच्या दिशेला आधीच रोखलेला असावा आणि टेकलेला हात कानाजवळून आणत पाण्याखाली जाऊन मगच ढकलावे. उथळ टोकाला कोलांटीचा सराव करू नये, हे आवर्जून सांगतो. जमल्यास कधी बालेवाडीच्या ५० मीटर तलावात पोहून पाहावे. तेवढ्याच अंतरात १९ वळणे येतात आणि आपण वळणांवर किती विसंबून होतो, ते दमल्यावर कळते!

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. आठवडाभर गुणगुणल्यानंतर नाकातले पाणी जवळजवळ थांबले आहे. जीवरक्षकाने मात्र दोनदा विचारले, की कोणते गाणे चालू आहे. उताणे सुटायला लागल्यापासून लेनही सुटत नाही. आमच्या तलावाच्या तळाशी आडवी रेघ नाही, म्हणून खोल टोकाच्या जाळीची खूण धरली असून तेथून माझे दोन हात होतात. उथळ टोकाला अजून हातच टेकवतो.