दीड वर्षाचं लेकरू सांगत नाही म्हणून आई आळशी?

पुसदची सून
काल एका काकूंनी इथं लिहिलं, "दीड वर्षाचं पोरगं सांगून शू करत नसेल तर आईच आळशी." तेव्हापासून डोकं तापून आहे. माझा सव्वादोन वर्षांचा, अजून चड्डीतच होते. लघवीची पिशवी भरली हे मेंदूला कळणं अन् धरून ठेवणं, हे नसा तयार झाल्याशिवाय जमत नाही हो. बहुतेकांचं दीड ते तीन वर्षांत सुरू होते. दोन तास कोरडं राहते, शी लागली की कोपऱ्यात जाते, असं दिसलं की बसवावं, त्याआधी रागावून काय होते?

वऱ्हाडची काकू
मीच लिहिलं, मागं घेत नाही. सहा महिन्यांपासून पायावर बसवून सूऽ सूऽ करायची, दीड वर्षात माझे तिघंही दिवसा कोरडे.

पुसदची सून
म्हणजे वेळ तुम्ही ओळखत होत्या काकू, लेकरू धरून ठेवत नव्हतं.

दारव्ह्याकडचा भाऊ
बसवायचं कुठं ते सांगा ना! १२,००० रुपयांत संडास बांधला, मे महिन्यात टँकरचं पाणी, प्यावं का तिथं ओतावं? पोरगी त्या अंधाऱ्या भोकाले भेते, अंगणातच बसवतो.

वऱ्हाडची काकू
अन् ते उकिरड्यावर फेकता? लहान लेकराच्या शीनंही जंत, हगवण पसरते. कागदावर घ्या, संडासात टाका.

दारव्ह्याकडचा भाऊ
काकू, पाणी आणून द्या अन् मग शिकवा! आमच्या अंगणवाडीचा संडास कुलपात, तीन-चार वर्षांचे पोट्टे भिंतीमागं जातात, त्यांले सवय कशी लागन? कोणाले सांगावं?

आशाताई
भांडू नका. माझ्या बहिणीचा पोरगा साडेचार वर्षांचा, रोज चड्डी खराब करायचा, रोज मार. डॉक्टरनं पोट पाहिलं तर आत घट्ट मळ साचलेला, पातळ शी बाजूनं झिरपत होती, त्याले समजतच नव्हतं. दिवसभर दूध-बिस्कीट, अन् माराच्या भीतीनं आणखी धरून ठेवायचा. औषधानं पोट साफ ठेवलं, जेवणानंतर रोज बसवलं, काही महिने लागले. रात्रीचं ओलं तर पाच वर्षांपर्यंत आजारच नाही, बापाले होतं तर पोराले व्हायची शक्यता जास्त. पण कोरडं राहणारं लेकरू अचानक ओलं करू लागलं की दवाखान्यात न्या.

वऱ्हाडची काकू
माझा मधला सात वर्षांपर्यंत अंथरूण ओलं करायचा, मारलं मी त्याले, ते लिहिलं नव्हतं. आळशी शब्द काढते. पायावर बसवणं मात्र सोडू नका.

दारव्ह्याकडचा भाऊ
कागदावर घेतो उद्यापासून. पण त्या कुलपाचं ग्रामसभेत विचारतोच.