हातापायांना बधिरपणा : ठाण्यात मणक्याचे चांगले शल्यचिकित्सक सुचवावेत

नौपाडाकर : वडिलांचे पाय गेल्या काही महिन्यांपासून बधिर होत आहेत आणि आता हातांनाही मुंग्या येऊ लागल्या आहेत. कमरेच्या एमआरआयमध्ये एल४-एल५ मधील (कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील) गादी सरकून नस दबल्याचे लिहिले आहे आणि एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. निर्णय लवकर घ्यायचा असल्यामुळे ठाणे किंवा नवी मुंबईतील अनुभवी शल्यचिकित्सकांची नावे कळवावीत. विषयांतर टाळावे, ही विनंती.

पारसिक : वडिलांचे वय, मधुमेह आहे की नाही, बधिरपणा एका बाजूला आहे की दोन्हीकडे सारखा, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. कमरेतली गादी हातांना मुंग्या आणू शकत नाही, कारण हातांच्या नसा मानेतून निघतात. एल४-एल५ मध्ये नस दबली तर बहुधा एकाच पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याला बधिरपणा येतो.

येऊरवाला : मलाही अशाच मुंग्या येत होत्या. ऐरोलीत हाडे बसवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी मानेला दोन झटके दिले आणि माझा त्रास गेला. शस्त्रक्रियेच्या फंदात पडू नका.

पारसिक : आपल्याला बरे वाटले याचा आनंद आहे, पण मानेत मज्जारज्जू दबलेला असेल तर असा झटका माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकतो. कृपया असे सल्ले देऊ नयेत.

येऊरवाला : मी स्वतःचा अनुभव सांगितला, कोणावर सक्ती केलेली नाही.

वाशीकाकू : शस्त्रक्रिया ठरलीच तर मेडिक्लेमचा प्रतीक्षाकाळ आधी तपासून घ्या. आमच्याकडे त्यावरून बराच मनस्ताप झाला होता.

नौपाडाकर : काकू, विम्याचे मी विचारलेले नाही. पारसिक, वय ६८ आहे. दोन्ही पाय सारखेच बधिर आहेत. सुरुवात तळव्यांपासून झाली. हातांची सगळीच बोटे बधिर वाटतात. परवा तलावपाळीला फिरताना त्यांची एक चप्पल मागे राहिली आणि ते तसेच पुढे चालत गेले, त्यांना कळलेसुद्धा नाही. शर्टाची बटणे आता आई लावून देते. कंबर फारशी दुखत नाही. साखरेसाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू आहे. ती गोळी घरोघरी असते, म्हणून लिहिले नव्हते. आता तरी नावे सांगा.

घणसोलीची फिजिओ : नेमके तेच लिहायला हवे होते, दादा. दोन्ही तळव्यांपासून सुरू होऊन मोजा चढावा तसा वर सरकणारा बधिरपणा बहुतेक वेळा मणक्याचा नसतो, तर नसांच्या टोकांचा असतो, आणि त्यामागे मधुमेह किंवा बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही नेहमीची कारणे आहेत. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी१२ कमी होऊ शकते, आणि आहार शाकाहारी असेल तर ती शक्यता आणखी वाढते. मात्र बटणे लावता न येणे हे मानेत मज्जारज्जू दबल्याचेही लक्षण असू शकते, म्हणून तेही सोडून चालणार नाही. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली तर पुष्कळसा उलगडा होतो : नसांच्या टोकांचा आजार असेल तर पाय जेमतेम हलतो आणि मज्जारज्जू दबला असेल तर नको तितका उडतो. कमरेच्या एमआरआयमधील गादीचा फुगवटा या वयात काहीच त्रास नसलेल्या माणसांतही सापडतो. तोंड धुताना डोळे मिटल्यावर त्यांचा तोल जातो का? लघवीवर ताबा आहे का?

कोपरीकर : एवढा ऊहापोह कशाला? बी१२ ची ती लाल इंजेक्शने उद्यापासून सुरू करा.

घणसोलीची फिजिओ : आधी रक्त द्यावे, मग इंजेक्शन. इंजेक्शननंतर बी१२ ची पातळी वाढलेली दिसते आणि मूळ कमतरता होती की नव्हती, हे कळेनासे होते. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही परस्पर देऊ नका. त्याने रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी मात्र चालूच राहते.

कोपरीकर : माझ्या मेहुण्याला तपासणीवाचूनच गुण आला.

नौपाडाकर : बेसिनपाशी ते एका हाताने कठड्याचा आधार घेतात, हे आईने आत्ता सांगितले. लघवीची तक्रार नाही. आम्ही शाकाहारी आहोत. हातोडीची तपासणी झाल्याचे कोणालाच आठवत नाही.

पारसिक : मग शल्यचिकित्सकाआधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. बी१२, एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि थायरॉइड या तपासण्या करून घ्या; नसांची एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) आणि मानेचा एमआरआय यांचे ते ठरवतील. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय एकाएकी लुळे पडू लागले, तर कोणाच्याही वेळेची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

नौपाडाकर : रक्त उद्या सकाळी देतो. वाशीच्या एका न्यूरॉलॉजिस्टची शनिवारची वेळ मिळाली आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख तूर्तास घेतलेली नाही. तरीही शल्यचिकित्सकांची नावे कोणाकडे असतील तर द्यावीत, कारण मूळ प्रश्न तोच होता.